जुनं टू-स्ट्रोक इंजिन खोलताना: रंग सगळ्यात शेवटी

मी दुरुस्त केलेलं पहिलं इंजिन इतकं देखणं झालं होतं की चार जण मुद्दाम बघायला आले. सिलिंडरच्या फिन्स तारेच्या ब्रशने घासून लख्ख, टाकीला नवा रंग, नवा प्लग, नवी दोरी. चौथ्या झटक्याला सुरू झालं. वीसेक मिनिटं गवत कापलं असेल. थ्रॉटल होता तिथेच होता, पण इंजिनाचा आवाज हळूहळू चढत गेला. मला वाटलं, वर्षानुवर्षांनी पळतंय, मोकळं होतंय. मग कच्चकन थांबलं. दोरी ओढून पाहिली, जागची हलेना. पिस्टन धरला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता.

खोलल्यावर कारण सापडलं ते फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मागच्या रबरी ऑइल सीलमध्ये. ते मी बदललं नव्हतं, कारण ‘दिसायला बरं होतं’.

गवत कापायचं जुनं यंत्र, हेज ट्रिमर, छोटा टिलर किंवा चेनसॉ अडगळीतून बाहेर काढून त्याचं इंजिन पहिल्यांदाच उघडायला बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे. क्रम सांगेन, मापं सांगेन, पण एक गोष्ट आधी डोक्यात बसू द्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जागेवर पडेल.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती क्रँक ठेवायची पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की त्याच्या खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेतून) वर सिलिंडरमध्ये जातं. इंग्लंडमधल्या बाथच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास ही रचना आणली. बागेतल्या यंत्रांनी ती उचलली, कारण तिच्यात फार काही नाहीच: वाल्व नाहीत, कॅम नाही, तेलाचा वेगळा साठा नाही. वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं. आता या पंपात कुठूनही चोरवाटेने हवा शिरली, सीलमधून, सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटमधून किंवा कार्बोरेटरच्या सांध्यातून, की मिश्रण पातळ होतं. पेट्रोल कमी पडलं की त्याच्यासोबत येणारं तेलही कमी पडतं. उष्णता वाढते, वंगण घटतं, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे. मेकॅनिकच्या भाषेत, ‘इंजिन हवा घेतंय’. गंज आणि किटण डोळ्यांना दिसतं म्हणून नवशिका तिथेच रमतो. गळती दिसत नाही.

याच रचनेचा एक फायदाही आहे. वाल्व नाहीत म्हणजे वाल्व सीटही नाहीत, ज्यांना झिजण्यापासून जुन्या पेट्रोलातलं शिसं वाचवत असे. त्यामुळे शिसं नसलेलं पेट्रोल जुन्या इंजिनाला सोसेल का, ही चिंता टू-स्ट्रोकवाल्याने सोडून द्यावी.

पाना हातात घेण्याआधी

पहिलं काम प्लगची वायर काढून बाजूला बांधण्याचं. यंत्राला पातं असेल तर तेही उतरवा. बंद पडलेलं इंजिन कधीकधी नुसतं हाताने फिरवल्यावर एक ठिणगी देतं आणि तेवढी पुरते.

मग इंजिन कुठलं ते ओळखा. क्रँककेसवर ठोकलेला नंबर साफ करून वाचा, कारण पार्ट मिळतात ते त्या नंबरावर, यंत्राच्या नावावर नव्हे. जुन्या यंत्रांत एकाच कारखान्याचं इंजिन दहा जणांच्या यंत्रांवर बसलेलं असे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या विलियर्स कंपनीचं उदाहरण घ्या. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅटकोचं पहिलं मोटारवर चालणारं गवतयंत्र आलं ते विलियर्सच्या २६९ सीसी इंजिनावर. मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये सिडनीत पहिलं व्हिक्टा यंत्र जुळवलं, पेट्रोलच्या टाकीच्या जागी पीचचा रिकामा डबा लावून, तेव्हाही इंजिन विलियर्सचंच होतं. इंजिन कुठल्या देशाचं हे कळलं की आटे कुठले हेही कळतं. जुन्या ब्रिटिश इंजिनाला विटवर्थ किंवा बीएसएफ आटे, अमेरिकनला इंची यूएनएफ-यूएनसी, जर्मनला मिलिमीटरचे. विटवर्थच्या नटावर मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ’ बसतो, आणि त्या जवळजवळमध्येच नटाचे कोपरे गोल होतात. योग्य पाने आधी गोळा करा. प्लगचंही तसंच: बऱ्याच जुन्या इंजिनांना १८ मिमीचा प्लग असतो, नंतरच्यांना १४ मिमीचा. आट्यांची लांबी जुन्या प्लगशी जुळवूनच नवा घ्या. लांब आट्यांचा प्लग पिस्टनवर आपटतो.

आता इंजिनाला न उघडता विचारपूस करा. प्लग काढून चाक हाताने फिरतंय का? फिरत असेल तर प्लग परत लावून कॉम्प्रेशन बघा. वरच्या टोकाशी येताना स्पष्ट अडवणूक जाणवली पाहिजे आणि सोडल्यावर चाक उलटं उसळलं पाहिजे. छोटं यंत्र असेल तर नुसतं दोरीने धरून उचला. चांगलं इंजिन लटकून राहतं आणि एकेक टप्पा घेत सावकाश खाली येतं. सरसर खाली आलं तर रिंगा, सिलिंडर किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये दोष आहे. ठिणगी बघताना प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, पेट्रोलची वाफ जवळपास नको, आणि जोरात दोरी ओढा. निळसर, टचकन आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, पुसट ठिणगी उघड्यावर दिसते पण दाबाखाली विझते.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात आवडते, आणि ती फक्त टू-स्ट्रोकमध्येच करता येते. सायलेन्सरचे दोन नट काढा, सायलेन्सर बाजूला करा आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर जायच्या भोकात) टॉर्च मारा. सिलिंडरला खिडकीच आहे ही. चाक हळू फिरवलं की समोरून पिस्टनची बाजू सरकत जाते: आधी माथा, मग रिंगा, मग स्कर्ट, म्हणजे रिंगांखालची बाजू. रिंगा चकचकीत आणि काडीने दाबल्यावर किंचित आत जाऊन परत येणाऱ्या असतील तर उत्तम. स्कर्टवर उभे खोल ओरखडे, ॲल्युमिनियम फासल्यासारखे राखाडी पट्टे दिसले तर हे इंजिन पूर्वी एकदा धरलेलं आहे. रिंगांच्या खाली तपकिरी डाग म्हणजे जळका वायू रिंगांना ओलांडून खाली जातोय. सिलिंडर न काढता निम्मं निदान इथेच होतं.

फोटो काढा, प्रत्येक टप्प्याला, दोन कोनांतून. नट-बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्यातच जागच्या जागी खोचून ठेवा. डबीत एकत्र टाकलेले स्क्रू सारखे दिसतात, पण सारखे नसतात. एखादा दोन मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की क्रँककेसला आतून तडा.

जाम असेल तर

घाई करणाऱ्याने हा टप्पा दुसऱ्याला द्यावा. प्लगच्या आणि एक्झॉस्टच्या भोकातून गंज सोडवणारं तेल घाला, किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. ॲसिटोन पटकन पेटतं, म्हणून उघड्यावर आणि आगीपासून लांब. मग सोडून द्या. दोन दिवस, आठ दिवस. रोज थोडं तेल, हॉट एअर गनने सिलिंडरला बाहेरून थोडी ऊब, आणि फ्लायव्हीलला दोन्ही दिशांनी हलका जोर. एका दिशेला केसभर हलला तरी सुटला म्हणा.

हेड वेगळं निघत असेल तर काढा आणि पिस्टनच्या माथ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. प्लगच्या भोकातून ग्रीस भरून दाबाने पिस्टन ढकलायची युक्ती फोर-स्ट्रोकवाले सांगतात. इथे पिस्टन अशा जागी अडकलेला असेल की पोर्ट उघडे आहेत, तर सगळं ग्रीस क्रँककेसमध्ये जाऊन बसेल. पोर्ट बंद आहेत याची खात्री असली तरच हा उद्योग करा.

फ्लायव्हील आणि मॅग्नेटो

फ्लायव्हीलचा नट सोडताना क्रँक अडवावी लागते. प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत सोडा आणि पिस्टन तिच्यावर टेकवा. पण आधी पिस्टन एक्झॉस्ट पोर्ट ओलांडून वर आलेला असू द्या. नाहीतर दोरी पोर्टच्या कडेत सापडून कातरली जाते आणि तिचे धागे आत राहतात. चेनसॉच्या क्लचला बहुधा उलटे आटे असतात, हेही लक्षात ठेवा.

जुन्या विलियर्सच्या फ्लायव्हीलमध्ये मजा आहे. मधला नट सोडायला घेतला की आधी सैल होतो, मग पुन्हा घट्ट लागतो. नवशिका घाबरून थांबतो. थांबू नका. तो नटच पुलर आहे. फिरवत राहिलात की तोच फ्लायव्हीलला निमुळत्या शाफ्टवरून ओढून काढतो. बाकी इंजिनांना खरा पुलर लागतो. मागून दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, शाफ्टच्या टोकावर हातोडा घालायचा नाही. क्रँक वाकडी झाली की बाकीची सगळी मेहनत फुकट.

फ्लायव्हील काढल्याबरोबर त्याच्या चुंबकांवर, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत, पोलादाची पट्टी ठेवा. फार जुन्या मॅग्नेटोतले (चुंबकाने ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागातले) चुंबक उघडे पडून राहिले तर कमजोर होतात. शाफ्टवरची अर्धचंद्राची चावी नीट बघा. ती अर्धवट कापली गेलेली असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकलेलं असतं, आणि माणूस आठवडाभर कार्बोरेटर साफ करत बसतो.

पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी उघडणारी धातूची दोन तोंडं, हे जुन्या मॅग्नेटोचं सगळ्यात बदनाम आणि सगळ्यात सोपं ठिकाण. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने त्यांच्या तोंडावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि वीज अडते. ठिणगी नाही म्हणून आलेल्या इंजिनांत मी आधी हेच बघतो, आणि बऱ्याचदा पुढे काही बघावंच लागत नाही. बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन्ही तोंडं घासा, मग जाड कोरा कागद पेट्रोलमध्ये भिजवून मधून ओढा, मग कोरडा कागद. कागदावर काळी रेघ यायची थांबली की झालं. पॉइंट पूर्ण उघडे असताना फटीत फिलर गेज (ठरलेल्या जाडीची मापाची पट्टी) घालून ०.३ ते ०.४ मिमी ठेवा. ज्या इंजिनात टायमिंग वेगळं जुळवता येत नाही, तिथे हा गॅपच टायमिंग ठरवतो. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायचं तर त्यांच्या फटीत अगदी पातळ कागदाची पट्टी धरून हलकी ओढत राहा आणि चाक फिरवा. पट्टी सुटते तो क्षण ठिणगीचा. पिस्टन तेव्हा वरच्या टोकाच्या थोडा अलीकडे असायला हवा.

कंडेन्सर जुना असेल तर तपासत बसू नका, बदला. कॉइलच्या प्लगकडच्या तारेचा रोध काही हजार ओहम यायला हवा. अनंत आला तर तार आत तुटली आहे. कॉइल फ्लायव्हीलच्या बाहेर बसत असेल तर दोघांमध्ये जाड पुठ्ठ्याच्या कार्डाएवढी, ०.२५ ते ०.३ मिमी फट ठेवायची. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६.

टाकी आणि कार्बोरेटर

इथे फार वेळ घालवू नका. टाकीत गंज असेल तर मूठभर खिळे किंवा साखळीचा तुकडा आणि सायट्रिक ॲसिडचं पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा, धुवा, लगेच सुकवून आतून तेल फिरवा. धुण्याचा सोडा आणि चार्जर वापरून विजेने गंज काढणार असाल तर स्टेनलेस स्टीलचा तुकडा इलेक्ट्रोड म्हणून अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड घ्या. पेट्रोलची नळी कडक झालेली असेलच, बदला.

कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिक्कट थर आणि पांढरी भुकटी सापडेल. जेट स्टीलच्या तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. डाग द्यायच्या आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा, नाहीतर हातात फटाका. फ्लोटऐवजी पडद्याचा कार्बोरेटर असेल तर पडदा ताठ झालाच असणार. त्याचा संच नवा घाला, वाद नको. हवेच्या फिल्टरचा जुना फोम बोटाने चुरगळतो. तो चुरा थेट इंजिनात जातो, म्हणून तोही फेका.

सिलिंडर वर उचलताना

जुन्या गॅस्केटांत, सायलेन्सरच्या गुंडाळीत, ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून, मास्क लावून, आणि भुसा उडू न देता. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

बुडाचे नट आडवे-तिरके, थोडे थोडे सैल करा. सिलिंडर अडला तर लाकडी हातोडीने एक्झॉस्टच्या जाड भागावर टकटक करा, फिन्सवर नको. सरळ वर उचला, फिरवू नका. फिरवला तर रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकून मोडतं. पिस्टन बाहेर येताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मी एकदा कोंबलं नाही. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनला अडवून ठेवणारं तारेचं सर्क्लिप टिंग करून उडालं आणि कुठे गेलं ते सांगायला नको. एवढ्याशा तारेसाठी अख्खी क्रँककेस उघडली.

सर्क्लिप परत कधीच वापरायची नाहीत, नवीच घालायची. गजन पिन घट्ट असेल तर पिस्टनला हॉट एअर गनने शेक द्या, अंगठ्याने निघते. ठोकून काढाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. पिस्टन काढण्याआधी माथ्यावर एक्झॉस्टची बाजू मार्करने लिहा. जुन्या डिफ्लेक्टर पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा असतो: त्याची उभी बाजू ट्रान्सफर पोर्टकडे आणि उताराची बाजू एक्झॉस्टकडे. उलटा बसवला तर ताजं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये जातं.

रिंगा काढायला पत्र्याच्या दोन-तीन पातळ पट्ट्या रिंगेखाली सरकवा आणि त्यांच्यावरून रिंग घसरवत वर आणा. बोटांनी फाकवून काढायला गेलात तर कडकन मोडते, कास्ट आयर्नला लवचीकपणा फार नसतो. खाचेतला कार्बन जुन्या मोडक्या रिंगेच्या तुकड्याने खरवडा. खाचेत एक बारीक पिन दिसेल. रिंग फिरू नये म्हणून ती आहे, आणि परत बसवताना रिंगेची दोन टोकं तिच्या दोन बाजूंना आलीच पाहिजेत. मग प्रत्येक रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. ५० मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) नवी रिंग साधारण ०.२ मिमी फट दाखवते. ०.८ च्या आसपास पोचली असेल तर रिंगा बदला.

सिलिंडर कास्ट आयर्नचा असेल तर थोडे ओरखडे होन करून (आतून बारीक घासून) जातात, जास्त असतील तर बोअर करून (सिलिंडर आतून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन बसतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आत क्रोमचा थर असेल तर तो होनही करायचा नाही आणि बोअरही नाही. वरून फासलेलं ॲल्युमिनियम तेवढं वॉटर पेपरने हलक्या हाताने काढा. खालून क्रोमच गेलेला दिसला, तर सिलिंडर बाद.

एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडी पट्टीने काढा. सायलेन्सर बहुधा गच्च भरलेला असतो. टू-स्ट्रोकची निम्मी ताकद तिथेच अडकते. पूर्ण लोखंडी सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात बुडवता येतो, हातमोजे आणि चष्मा घालून. पण कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, आणि खाताना हायड्रोजन सोडतं. ॲल्युमिनियमचा एकही भाग त्या बादलीत नको.

क्रँककेस फोडावी की नाही

बहुतेक वेळा नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. वर-खाली खडखड अजिबात नको. बाजूला थोडा सरकला तर तो तसाच असतो. शाफ्टचं टोक धरून हलवा, फिरवा. बेअरिंग खरखरत नसेल, शाफ्ट डोलत नसेल, तर आत जायचं कारण नाही. दोन्ही बाजूंची ऑइल सील बऱ्याच इंजिनांत बाहेरूनच निघतात. आणि ती बदलायचीच, दिसायला कशीही असोत. सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवा आणि स्क्रू पकडीने ओढा. शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका, कारण नवं सील त्याच जागी घासणार आहे. नवं सील बसवताना ओठाला ग्रीस लावा, चावीच्या खाचेवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओठ कापला जात नाही, आणि स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे.

बेअरिंग बदलायचीच असतील तर दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. त्या कडेवरच सगळं सील अवलंबून आहे. केस १०० अंशांच्या आसपास गरम करा, लाकडी हातोडीने टोला द्या. बेअरिंग बरेचदा स्वतःच गळून पडतं. नवं बसवताना केस गरम, बेअरिंग फ्रीजरमधलं. आणि काचेच्या मण्यांचा मारा करून केस चकाचक करायचा मोह झाला तर आवरा. एक मणी तेलाच्या वाटेत राहिला तरी नवं बेअरिंग गेलं.

जोडणी आणि बुडबुड्यांची परीक्षा

गॅस्केट विकत मिळत नसेल तर घरी करा. जुन्याची जाडी मोजा आणि तेवढ्याच जाडीचा गॅस्केट पेपर घ्या, कारण बुडाचं गॅस्केट बदललं की सिलिंडरची उंची आणि पोर्टची वेळ दोन्ही बदलतात. कागद सिलिंडरच्या बुडावर ताणून धरा आणि छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत जा. धातूची कडच कागद कापते. आधी बोल्टची भोकं पाडून त्यात बोल्ट अडकवा, म्हणजे कागद सरकत नाही. सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत फिरतात.

पिस्टन, पिन, सिलिंडर सगळ्याला टू-स्ट्रोकचं तेल लावून जोडा. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसलं का ते नखाने फिरवून बघा. हेडचे नट आडवे-तिरके, तीन फेऱ्यांत आवळा.

आता, कार्बोरेटर आणि सायलेन्सर लावण्याआधी, मी त्या पहिल्या इंजिनावर केली नव्हती ती गोष्ट. कार्बोरेटरच्या आणि एक्झॉस्टच्या दोन्ही पोर्टांवर जुन्या ट्यूबचं रबर ठेवून त्यावर लोखंडी पट्टी बोल्टने आवळा. जुन्या प्लगचं पोर्सेलीन फोडून काढा, त्याच्या रिकाम्या अंगात नळी चिकटवा आणि ती ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या काटेवाल्या यंत्राच्या फुग्याला जोडा. त्या काट्याची मर्यादा ३०० मिमी पारा, म्हणजे ०.४ बार, नेमका आपल्याला हवा तेवढा दाब. पिस्टन खालच्या टोकाला आणा म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना उघडे राहतात. फुगा दाबून काटा २५० च्या पुढे न्या, झडप बंद करा, आणि बघत बसा. काटा मिनिटभर जवळजवळ हलता कामा नये. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावा: दोन्ही सील, बुडाचा सांधा, केसचा सांधा, प्लगचं बूड. मोठी गळती भसाभसा फेस काढते. छोटी गळती सीलच्या ओठाशी टाचणीच्या टोकाएवढा एकच बुडबुडा फुगवते, तो फुटतो, दुसरा येतो. त्या एका बुडबुड्याने माझा पिस्टन खाल्ला होता.

मग उलटं, हवा ओढून बघा. काही सील बाहेर जाणारा दाब धरतात आणि आत येणारी हवा सोडतात. फार जुन्या इंजिनांत सीलऐवजी नुसते ब्रॉन्झचे बुश आणि ग्रीस असतं. ती इंजिनं दाब फार वेळ धरत नाहीत. तिथे सावकाश उतार चालेल, पण फस्सकन नाही.

पेट्रोल, तेल आणि पहिला झटका

जुन्या पुस्तिकेत १६ ला १ असं प्रमाण आणि साधं एसएई ३० तेल सांगितलेलं असतं. आजचं टू-स्ट्रोक तेल बरंच चांगलं आहे. बुश बेअरिंगच्या जुन्या इंजिनाला मी २५ ला १ ठेवतो, म्हणजे लिटरला ४० मिली. डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं घ्या. बोटीच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ तेल पाण्याने थंड होणाऱ्यांसाठी असतं, हवेने थंड होणाऱ्याला ते नको. ताजं पेट्रोल, वेगळ्या डब्यात आधी हलवून मिसळलेलं. टाकीत तेल ओतून वरून पेट्रोल घालायचं नाही.

उघड्यावर, आणि बंद कसं करायचं ते आधी ठरवून सुरू करा. चोक ओढून बंद करता आलं पाहिजे. पहिली दोन मिनिटं धूर येईल, ते लावलेलं तेल आहे. मिश्रणाचा स्क्रू थोडा जाड, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, बाजूला ठेवा. भार नसताना इंजिन किंचित अडखळत, बुडबुडत चालावं आणि भार आला की आवाज साफ व्हावा. उलट, थ्रॉटल सोडल्यावरही फेरे खाली येईनात, किंवा आपोआप चढू लागले, तर लगेच बंद करा. हवा घेतंय.

दहा मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या आणि हेड-बुडाचे नट पुन्हा आवळा, नवी गॅस्केट बसतात. प्लग काढून बघा: तपकिरी असेल तर ठीक, काळा-ओला असेल तर मिश्रण जाड, पांढरट असेल तर पातळ, आणि पातळ असेल तर जेटकडे जाण्याआधी परत साबणाच्या पाण्याकडे जा. पहिल्या दोन-तीन टाक्या पूर्ण थ्रॉटलवर ताणू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

रंग द्यायचा असेल तर आता द्या. नेमप्लेट आणि ठोकलेला नंबर चिकटपट्टीने झाका, आणि फिन्सवर जाड थर नको, उष्णता आतच अडते.